ट्यूबलाइटचे पट्टे आणि अकरावीचा वर्ग

पहिल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी मुलांना काहीच शिकवत नाही. आपापला मोबाइल काढा, शेजारी बसलेल्या मित्राला त्याचे नाव आणि गाव विचारा आणि ते वर्गातच चित्रित करा, एवढेच सांगतो. दहा मिनिटांनी सगळ्यांचे तुकडे भिंतीवरच्या पडद्यावर लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला कोणीतरी विचारतेच, "सर, हे काय होऊन राहिलं?" मित्राच्या चेहऱ्यावरून काळसर आडवे पट्टे वरून खाली सरकत असतात. डोळ्यांना वर्गात असे काही दिसलेले नसते, मोबाइल नवा असतो, काच पुसलेली असते, आणि तरीही पट्टे असतात.

अकरावी-बारावीच्या व्यावसायिक शाखेत व्हिडिओ आणि माध्यम-निर्मिती शिकवायला लागून मला तीन वर्षे झाली. त्याआधी चौदा वर्षे मी नागपुरात आणि कामठी, उमरेड, काटोल, सावनेर या तालुक्यांत लग्नांचे चित्रण आणि संकलन करत होतो. हे पट्टे त्या चौदा वर्षांत मी असंख्य मंगल कार्यालयांत पाहिले होते आणि ते घालवण्याची युक्तीही मला एका ज्येष्ठ छायाचित्रकाराने पहिल्याच हंगामात सांगितली होती : शटर पन्नासवर ठेव. मी ते ठेवत आलो. का ठेवायचे, हे मी त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. ते कारण मला शिक्षक झाल्यावर, उद्या मुलांनी विचारले तर काय सांगू या धास्तीने शोधावे लागले, आणि तेव्हा लक्षात आले की मी चौदा वर्षे जी कामे हाताच्या सवयीने करत होतो, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे कुठल्या ना कुठल्या शालेय पुस्तकातला धडा उभा आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. प्रत्येक आवर्तनात विद्युतप्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणून जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही. मोबाइलचा संवेदक मात्र चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो, आणि शटरचा वेळ, म्हणजे प्रत्येक ओळ जेवढा वेळ प्रकाश घेते तो, प्रकाशाच्या त्या चढउताराशी जुळलेला नसेल तर काही ओळींच्या वाट्याला प्रकाश जास्त येतो, काहींच्या वाट्याला कमी. तोच पट्टा. बहुतेक मोबाइल कारखान्यातून सेकंदाला ३० चौकटींवर, म्हणजे ३० स्थिर चित्रांवर, लावलेले येतात, कारण तो आकडा ६० हर्ट्‌झची वीज असलेल्या अमेरिकेसारख्या देशांच्या सोयीचा आहे. १०० ला ३० ने भागले तर पूर्ण भाग जात नाही, म्हणून पट्टे एका जागी न थांबता सरकत राहतात. २५ ने भागले तर बरोबर चार येतात. चौकटी २५ आणि शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग एवढे केले की प्रत्येक ओळीला प्रकाशाची पूर्ण आंदोलने मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. आपल्या दूरदर्शनचे चित्र सेकंदाला २५ चौकटींचे का, याचे मूळही याच ५० हर्ट्‌झमध्ये आहे. सेमिनरी हिल्सवरचा दूरदर्शनचा मनोरा ही मुले लहानपणापासून पाहत आलेली असतात. त्या मनोऱ्यावरून पूर्वी येणाऱ्या चित्राचा आणि आपल्या वर्गातल्या ट्यूबलाइटचा असा संबंध आहे, हे ऐकून त्यांचे चेहरे बदलतात, आणि ते पाहणे मला आजही फार आवडते.

हा भागाकार फळ्यावर मी करत नाही, मुलांकडून करवून घेतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीचशी दहावीला गणितात आणि विज्ञानात कसेबसे पास झालेली असतात. विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला नाही, वाणिज्य नको होते, मग 'व्होकेशनल'ला टाकून दिले, असे पालक त्यांच्यासमोरच सांगतात. टाकून दिले, हा शब्द मी तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकला आहे की प्रवेशाच्या दिवसांत मी मुद्दाम त्या टेबलाजवळ बसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते आणि व्यवसाय शिक्षणाला कमी लेखले जाते, ही गोष्ट त्या धोरणातच स्पष्ट शब्दांत लिहिली आहे. धोरणात लिहिलेले टेबलाजवळ बसलेल्या बापापर्यंत पोहोचायला मात्र कोणीतरी मध्ये बोलावे लागते.

गेल्या वर्षी एका मुलीचे वडील, इतवारीत किराण्याचे दुकान चालवणारे गृहस्थ, मला म्हणाले, "सर, व्हिडिओ तर आजकाल घरोघरी लेकरं काढून राहिले. त्याच्यात शिकायचं काय?" प्रश्न मनापासून होता आणि मला तो अपमानाचा वाटला नाही. मी त्यांना उत्तर दिले नाही. सहा महिन्यांनी मुलीचे काम पाहायला या, एवढे सांगितले. ते आले. त्याची हकिगत पुढे येईलच.

त्या मुलीच्या गटाने मारबतीवर दहा मिनिटांचा माहितीपट करायचे ठरवले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे स्त्रीरूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, बरोबर बडगे म्हणजे पुरुषरूपातले पुतळे असतात, आणि 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्यांनी महाल-इतवारीचे रस्ते दणाणून जातात. शंभर वर्षांहून जुनी ही प्रथा नागपूरकरांना सांगायला नको. मुलांना वाटले, एवढी गर्दी, एवढे रंग, कॅमेरा घेऊन शिरले की झाले. मी त्यांना आधी वहीत आराखडा काढायला लावला. कोण कुठे उभे राहणार, कोणती चौकट कोणाची, बॅटरी कोणाकडे, पाऊस आला तर पिशवी कोणाकडे. दोन कॅमेरे, एक कॉलर माइकचा संच आणि बावीस मुले, एवढ्या सामग्रीत आराखड्याशिवाय गत्यंतरही नसते. ती नाराज झाली. आराखडा घेऊनही मिरवणुकीच्या गडबडीत एका मुलाने रस्ता ओलांडला आणि समोरच्या ओट्यावरून चित्रण केले, कारण तिथून ऊन पाठीमागे येत होते आणि चित्र खरोखर सुंदर दिसत होते.

संकलनाला बसल्यावर कळले की काय झाले आहे. पहिल्या चौकटीत काळी मारबत डावीकडून उजवीकडे चालली आहे आणि लगेचच्या चौकटीत ती उजवीकडून डावीकडे परत निघाली आहे. गटातल्या प्रत्येकाला माहीत होते की मारबत परत आलेली नाही, तरी पडद्यावर ती परतच येत होती. विषय ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेने एक कल्पित रेषा धरायची असते आणि कॅमेऱ्याने तिच्या एकाच बाजूला राहायचे असते, हा १८० अंशांचा नियम मी जुलैमध्येच सांगितला होता, मुलांनी वहीत लिहून घेतला होता, आकृतीसुद्धा काढली होती. तो समजला त्या दुपारी. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या चुकीतून त्यांना स्वतःहून एक उपाय सुचला जो मला सुचला नव्हता. दोन मारबती वेगवेगळ्या ठिकाणांहून निघतात आणि इतवारी भागात त्यांची गाठ पडते. मग काळी सतत डावीकडून उजवीकडे आणि पिवळी सतत उजवीकडून डावीकडे अशीच चित्रे निवडायची, म्हणजे निवेदनात एक शब्दही न सांगता प्रेक्षकाला कळते की या दोघी एकमेकींकडे निघाल्या आहेत. ओट्यावरून घेतलेली ती सुंदर चौकट त्यांनी टाकून दिली. सतराव्या वर्षी चांगले चित्र टाकून देता येणे ही सोपी गोष्ट नाही. मला ते तिशीत जमू लागले.

आवाजाबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण मुले सर्वांत कमी लक्ष आवाजाकडे देतात आणि चित्रफीत बहुधा आवाजामुळेच फसते. चित्र थोडे हलले, थोडे अंधारले तर प्रेक्षक सांभाळून घेतो. बोललेले ऐकू आले नाही तर तो दुसरीकडे निघून जातो. याच माहितीपटासाठी महालात राहणाऱ्या एका आजींची मुलाखत घ्यायची होती. पहिल्या खेपेला मुलांनी कॅमेरा सहा फुटांवर ठेवला आणि त्याच्याच माइकवर सगळे ध्वनिमुद्रण केले. भादव्यातला उकाडा, वर पंखा आणि खिडकीत पाणी न घालता चालवलेला कूलर. घरात बसलेल्या माणसाचा कान ही घरघर बाजूला सारून आजींचे बोलणे ऐकतो, कारण ऐकणे हे कानाइतकेच मनाचे काम आहे. माइकला मन नसल्यामुळे तो जे जवळ आणि मोठे असेल ते घेतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. हनुवटीखाली नऊ इंचांवर असलेला माइक सहा फुटांवर गेला म्हणजे अंतर तीन वेळा दुप्पट झाले आणि १८ डेसिबल गेले. कूलरचा आवाज मात्र होता तेवढाच राहिला. मग संकलनात आजींचा आवाज वाढवायला जावे तर कूलरही तेवढाच वाढतो.

दुसऱ्या खेपेला कॉलर माइक लावला, पंखा आणि कूलर बंद केला. आजी म्हणाल्या, "पोरी, पंखा काहून बंद केला वं?" मुलीने त्यांना कारण नीट समजावून सांगितले, दहा-दहा मिनिटांनी थांबून पंखा लावायचे कबूल केले आणि ते पाळले. आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या बोलण्यालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवली, कारण या मापात शून्य ही मुद्रणाची कमाल मर्यादा असते आणि आवाज एकदा तिच्या वर जाऊन फुटला की मुद्रणाच्या नेहमीच्या पद्धतीत तो पुन्हा दुरुस्त होत नाही. मुलाखत संपल्यावर सर्वांनी अर्धा मिनिट गप्प बसून त्या खोलीचा नुसता रिकामा आवाज मुद्रित केला. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन वाक्यांच्या मधला खोकला कापून टाकला तर तिथे ठिगळ म्हणून त्याच खोलीची शांतता लावावी लागते, नाहीतर भोक पडल्यासारखे ऐकू येते. आजींना ते अर्धा मिनिट गप्प बसणे फार गंभीर वाटले असावे, कारण त्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. ती चौकट आम्ही ठेवली.

मुलाखतीत आजी म्हणाल्या होत्या, "मारबत निघाली का आम्ही छपरीवर जाऊन बसो." गटातल्या एका मुलाचे म्हणणे पडले की, हे 'शुद्ध' करून घ्यावे, निदान खाली प्रमाण मराठीत अक्षरे द्यावीत, पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायला हवे. या प्रश्नावर आमचा एक पूर्ण तास गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. निवेदन प्रमाण भाषेत असावे, ते दूरवरच्या माणसाला कळावे, हे मलाही मान्य आहे. परंतु ज्या माणसाला आपण त्याच्या घरी जाऊन बोलते केले, त्याच्या तोंडातले 'का' आणि 'बसो' काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कॅमेरा हातात असल्यामुळे मिळत नाही. वऱ्हाडी-नागपुरी बोली चित्रपटांत आणि मालिकांत बहुतेक वेळा हसवण्यासाठी वापरली गेली आहे, आणि आमच्या मुलांनीसुद्धा ती तशीच ऐकण्याची सवय लावून घेतली आहे. आपल्याच आजीचे बोलणे ऐकून त्यांना आधी हसू येते. शेवटी अक्षरे दिली नाहीत. ज्याला समजायचे त्याला संदर्भाने समजते.

निवेदन लिहिणे हा मराठीच्या तासाचाच भाग आहे असे मी मानतो. मुले सुरुवातीला निबंधाची भाषा लिहितात : 'आपल्या भारत देशात अनेक सण मोठ्या उत्साहात साजरे केले जातात.' मी ते त्यांना मोठ्याने वाचायला लावतो. एका मिनिटात सावकाश वाचले तर सव्वाशेच्या आसपास शब्द बसतात. दहा मिनिटांच्या माहितीपटात माणसे बोलणार, ढोल वाजणार, मिरवणूक दिसणार, म्हणजे निवेदनाला जेमतेम तीनशे शब्द उरतात. एवढ्याच शब्दांत सांगायचे आहे हे कळल्यावर 'मोठ्या उत्साहात' आपोआप गळून पडते. पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटगीत लावायला मी परवानगी देत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतीय कायद्याने प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो, आणि आपण शिकाऊ आहोत म्हणून दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलावी असे होत नाही. मुलांनी मिरवणुकीतल्याच ढोलाचे स्वतः मुद्रण केलेले तुकडे वापरले.

आता मेमरी कार्डाची गोष्ट, जी मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी सांगताना मला जड जाते. माझ्या व्यवसायाच्या पाचव्या वर्षी मी एका लग्नातल्या हळदीचे चित्रण असलेले कार्ड, त्याची प्रत झाली आहे असे समजून, पुसले आणि त्यावर दुसऱ्या दिवशीचे लग्न चित्रित केले. हळदीला नवरीच्या आजोबांनी जुनी गाणी म्हटली होती. ती गेली. त्या घरच्यांनी मला एक शब्दही वाईट बोलला नाही, त्यामुळे ते जास्त लागले. तेव्हापासून माझा नियम असा की, पुसलेले कार्ड डबीत पांढरी बाजू वर करून, भरलेले कार्ड उलटे करून. दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती झाल्या, दोन्ही उघडून पाहिल्या आणि वहीत दोन सह्या झाल्या की मगच कार्ड पुसायचे. मुलांना यातले गणितही करावे लागते. आमचा कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट लिहितो, आठाने भागले की सव्वासहा मेगाबाइट, मिनिटाला ३७५, तासाला साडेबावीस गिगाबाइट. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डात पावणेतीन तास बसतात. मारबतीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत किती कार्डे लागतील, हे गणित दहावीला गणितात काठावर पास झालेल्या मुलाने तोंडी केले, आणि आपण गणित करतो आहोत हे त्याच्या लक्षातही आले नाही.

दिवाळीनंतरच्या दिवसांत मी मटकीचा प्रयोग देतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि त्यातून अंकुर वाढताना दाखवणारी छोटीशी चित्रफीत तयार केली. ती पाहिल्यावर त्यांच्या पुढच्या चित्रपटासाठी पैसे घालायला माणूस तयार झाला, आणि १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. आम्ही भिजवलेली मटकी ओल्या फडक्यावर ठेवतो आणि मोबाइल दर पाच मिनिटांनी एक चित्र घेतो. ४८ तासांत ५७६ चित्रे, सेकंदाला २५ प्रमाणे तेवीस सेकंदांची चित्रफीत. पहिल्या वर्षी खिडकीचे ऊन बदलत गेल्यामुळे चित्र सारखे लुकलुकत राहिले. दुसऱ्या वर्षी खोक्यात एक दिवा लावून प्रकाश कायम केला, तर सफाईला आलेल्या मावशींनी खोके चार बोटे सरकवले. तिसऱ्या वर्षी मुलांनी मावशींना आधी बोलावून सगळे दाखवले आणि मग दोन दिवस मावशीच त्या खोक्यावर लक्ष ठेवून होत्या. चित्रपट-निर्मितीत ज्याला संपर्क आणि व्यवस्था म्हणतात, त्याचा यापेक्षा चांगला पाठ मला देता आला नसता.

एक तक्रार लिहून टाकतो. मी पूर्वी ज्या एका संस्थेत काही महिने तासिका तत्त्वावर जात होतो, तिथे कॅमेरे होते, दिवे होते, सगळे कुलूपबंद कपाटात होते, कारण मुले मोडतील. तपासणीच्या दिवशी ते टेबलावर मांडले जात. मुले त्या वस्तूंची नावे पाठ करून परीक्षेत लिहीत. वस्तू वापरली तर झिजते, क्वचित मोडते, हे शिक्षणाच्या खर्चातच धरायला हवे. आमच्याकडे दोन वर्षांत एक ट्रायपॉड आणि एक माइकची वायर गेली आणि त्या बदल्यात चव्वेचाळीस मुलांचे हात तयार झाले.

इतवारीतले ते गृहस्थ फेब्रुवारीत आमच्या वर्गात आले, मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी मारबतीचा माहितीपट पाहिला. आजी हात जोडून गप्प बसतात त्या चौकटीनंतर त्यांनी विचारले, हा मधला आवाज कशाचा आहे. मुलीने सांगितले, बाबा, तो खोलीचा आवाज आहे. त्यांनी पुन्हा लावायला सांगितले आणि दुसऱ्यांदा ऐकताना पुढे वाकून ऐकले. नंतर ते मुलीला बराच वेळ प्रश्न विचारत होते, माइक केवढ्याला येतो, कूलर बंद केल्यावर आजींना त्रास झाला नाही का, आणि मी मुद्दाम बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या इमारतीतल्या सगळ्या खोल्यांत नवे एलईडी दिवे बसवले. चांगल्या प्रतीचे आहेत. मी मोबाइल ३० चौकटींवर ठेवून पाहिला, एकही पट्टा दिसला नाही. बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियन भाऊंना विनंती करून मी आमच्या वर्गातली फळ्यावरची एक जुनी ट्यूब, चोकसकट, होती तशीच ठेवून घेतली आहे. नवी मुले येत्या सोमवारी येतील.